सेकंडहॅंड दुकानातल्या हौशी चित्रांवर मजेशीर टिपणं लिहायची आहेत, कशी लिहू?

फ्रेमवाली:

नमस्कार मंडळी, चित्रकलेच्या धाग्यांवर इथे बरीच जाणती माणसं असतात म्हणून प्रश्न इथेच टाकतेय. मला जुन्या सामानाच्या दुकानांतून हौशी लोकांनी काढलेली चित्रं शोधून आणायचा नाद आहे, म्हणजे छापील पोस्टर वगैरे नाही, खरंखुरं कॅनव्हासवर नाहीतर बोर्डावर हाताने रंगवलेलं, कोपऱ्यात न लागणारी सही आणि मागे धूळ. आम्ही काही जण मिळून त्यांचं छोटंसं प्रदर्शन लावतोय आणि प्रत्येक चित्राखाली चार-पाच ओळींचं मजेशीर टिपण असावं असं ठरलंय. ते काम माझ्याकडे आलंय.

अडचण अशी की ग्रुपमध्ये सगळ्यांनी जी वाक्यं सुचवली ती एकाच छापाची आहेत, "हे कुत्रं आहे की सोफा", "माझ्या भाच्याने याहून बरं काढलं असतं" वगैरे. पहिल्या चित्राला हसू येतं, तिसऱ्याला नाही, आणि दहाव्यापर्यंत कोणी पोचेल असं वाटत नाही. आणि मला खरंच वाईट वाटतं कारण या चित्रांत इतकं काय काय चाललेलं असतं!! एकात तळ्यावर दोन हंस आहेत आणि पाण्यात प्रतिबिंब एकाचंच. एक कुटुंबाचं चित्र आहे, आई बाबा आजी आणि तीन मुलं, आणि अख्ख्या चित्रात एकही हात दिसत नाही, बाबांचे पाठीमागे, आईचे फुलांच्या परडीत मनगटापर्यंत बुडालेले, आजीचे शालीत, एका मुलाचे कुत्र्याच्या आड आणि उरलेली दोघं अशी काही एकमेकांमागे उभी केलीत की हात काढायची वेळच येऊ नये. एक मांजर आहे तिला माणसाचे डोळे आहेत, पापण्यांसकट, एकेक पापणी सुटी काढलेली. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे सूर्यास्ताच्या वेळची शिडाची होडी, होडी निघालीय उजवीकडे, शीडही उजवीकडे फुगलंय आणि डोलकाठीवरचा झेंडा मात्र डावीकडे फडफडतोय.

तर असं लिहायचंय की वाचणारा हसेल, पण रंगवणाऱ्या माणसाची टिंगल होणार नाही. कोणी असं काही केलंय का, वाचलंय का? सुचवा प्लीज.

तैलरंग:

झकास विषय! तुम्ही म्युझियम ऑफ बॅड आर्टबद्दल वाचलं नसेल तर आधी ते वाचा. बोस्टनचं आहे, १९९४ मध्ये सुरू झालं. स्कॉट विल्सन नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला कचऱ्यात एक चित्र दिसलं, त्याला खरं तर फ्रेमच हवी होती, पण मित्राने म्हणजे जेरी रायलीने ते चित्र बघितलं आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. फुलांच्या शेतात एक म्हातारी बाई, पिवळट आभाळ, आणि खुर्ची तिने धरलीये की ती खुर्चीत बसलीये हे शेवटपर्यंत कळत नाही. 'ल्युसी इन द फील्ड विथ फ्लॉवर्स' असं नाव दिलं त्यांनी. सुरुवातीला घराच्या तळघरात मांडलं होतं, मग डेडहम गावातल्या एका थिएटरच्या तळघरात, पुरुषांच्या टॉयलेटला लागूनच.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्यांचे निवडीचे नियम फार विचार करून केलेत. चित्र मनापासून काढलेलं पाहिजे, मुद्दाम वाईट काढलेलं चालत नाही. लहान मुलांची चित्रं घेत नाहीत, आकड्यांवरून रंग भरायच्या किटमधली घेत नाहीत, मखमलीवर रंगवलेली घेत नाहीत. नुसता हात कच्चा असून भागत नाही, कोणीतरी काहीतरी मोठं करायला निघालं आणि वाटेत ते भलतीकडेच गेलं असं दिसलं पाहिजे. त्यामुळे लोक पाठवतात त्यातली बरीचशी चित्रं ते नाकारतात, आणि कंटाळवाणं चित्र तर अजिबात घेत नाहीत!

आणि टिपणांचा सूर बघा. मोठ्या संग्रहालयात जसं गंभीरपणे लिहितात तसंच लिहितात, रचना, रंगछटा, माध्यम, सगळं. 'हे वाईट आहे' असं सहसा म्हणत नाहीत. वाचणारा वर बघतो, खाली वाचतो, परत वर बघतो आणि त्याचं त्याला हसू फुटतं. त्यामुळे माझा सल्ला एकच, विशेषणं काढून टाका. 'भयानक', 'विचित्र', 'अगम्य' यातलं काहीही नको, जे दिसतंय ते नीट सांगा. हातांबद्दल तुम्ही वर जे लिहिलंय ना, परडी शाल कुत्रं, ते वाचून मी मोठ्याने हसलो, आणि त्यात विनोद करायचा प्रयत्न कुठेच नाहीये.

सही_कोपऱ्यात:

मी जरा विरुद्ध बाजूने बोलते, राग मानू नका. मला हा प्रकारच नीटसा पटत नाही. दुकानात आलेलं चित्र माणसाने टाकून दिलेलंच असतं असं नाही, बरेचदा माणूस गेल्यावर घर रिकामं करताना ते गेलेलं असतं. उत्तर द्यायला तो माणूस नाहीये आणि आपण भिंतीला लावून हसतोय.

आणि माणूस हयात असला तर काय होतं ते २०१२ मध्ये सगळ्या जगाने बघितलंय. स्पेनमधल्या बोर्हा गावच्या चर्चमधलं येशूचं भित्तिचित्र, सेसिलिया हिमेनेस यांनी ते दुरुस्त करायला घेतलं होतं, ऐंशी ओलांडलेल्या बाई, आपल्या चर्चमधलं चित्र पोपडे धरून गळतंय हे त्यांना बघवेना म्हणून हात घातला. काम अर्धवट असतानाच फोटो बाहेर गेला आणि जगभर खिदळणं सुरू झालं. सुरुवातीला त्या बाईंना याचा फार त्रास झाला. पुढे गोष्ट पालटली हे खरं, लोक दुरून दुरून ते चित्र बघायला यायला लागले, चर्चने तिकीट लावलं, २०१६ मध्ये तिथे माहिती केंद्रही झालं आणि गावाने त्यांचा मान ठेवला. पण ते नंतरचं. आधीचे ते दिवस त्यांनी एकटीने काढले ना?

म्हणून माझं म्हणणं, करायचंच असेल तर सही झाका, मागे नाव, पत्ता, 'प्रिय अमक्याला वाढदिवसानिमित्त' असं काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो अजिबात टाकू नका. शिवाय चित्र विकत घेतलं म्हणून त्याचा कॉपीराइट आपल्याकडे येत नाही, तो काढणाऱ्याकडेच किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. तेव्हा त्याचे कॉफीमग आणि टीशर्ट छापून विकणं तर सोडाच.

तैलरंग:

@सही_कोपऱ्यात, सही आणि मागच्या मजकुराबद्दल शंभर टक्के अनुमोदन. फक्त ल्युसीची पुढची गोष्ट सांगतो, तुम्हाला आवडेल. वर्तमानपत्रात त्या चित्राचा फोटो आला आणि एका बाईने ओळखलं की ही तर माझी आजी! आजी गेल्यानंतर घरच्यांनी तिच्या फोटोवरून ते चित्र सांगून काढून घेतलं होतं, म्हणजे घरात ते अनेक वर्षं भिंतीवर होतं. तेव्हा टिपण लिहिताना मी कायम धरून चालतो की चित्रातल्या माणसाची नात ते वाचणार आहे. तिला वाचून हसू आलं पाहिजे. आलं तर टिपण जमलं.

अजून एक, त्यांच्याकडचं 'आयलीन' नावाचं चित्र १९९६ मध्ये चक्क चोरीला गेलं. संग्रहालयाने ६.५० डॉलरचं बक्षीस लावलं, देणगीदारांनी भर घालून ते ३६.७३ डॉलरवर नेलं, आणि चित्र परत मिळालं ते थेट २००६ मध्ये. कोणीतरी दहा वर्षं ते सांभाळलं!

रेघोटी:

मी हौशी लोकांना चित्रकला शिकवते, मोठी माणसं, बहुतेक जण नोकरी संसार सांभाळून येणारी, त्यामुळे तुम्ही सांगताय ती प्रत्येक चूक मी होताना डोळ्यांनी बघितली आहे आणि मला वाटतं चांगलं टिपण लिहायचं तर ती चूक का होते हे आधी कळलं पाहिजे, कारण खरी मजा तिथे आहे, एक माणूस ब्रश घेऊन अडकलाय आणि त्यातून त्याने वाट काढलीय.

चेहऱ्यापासून सांगते. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मधोमध असतात, आरशात मोजून बघा. पण शिकाऊ माणूस ते हमखास वर काढतो, कारण कपाळ आणि केस यांच्यात त्याला काही 'दिसत' नाही, त्याचं सगळं लक्ष डोळे नाक तोंड यांच्याकडे. मग वरचं डोकं कापलं जातं आणि हनुवटी लांबते. कान भुवयांपासून नाकाच्या टोकापर्यंत येतात, ते कुठेही जातात. तळहात बोटांसकट हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत भरतो, हे सांगितलं की वर्गात सगळे तोंडावर हात ठेवून बघतात आणि दचकतात, कारण प्रत्येकाने हात त्याच्या निम्मा काढलेला असतो. तुमच्या कुटुंबाच्या चित्रात ज्याने सगळे हात लपवले तो माणूस हुशार होता हो, त्याला आपलं कुठे अडतं ते पक्कं माहीत होतं! टिपणात मी त्या कुत्र्याला खास स्थान देईन, कारण माझी खात्री आहे की ते कुत्रं त्या घरचं नव्हतंच, ते हात झाकायला आणलंय. बघा बरं, कुत्र्याकडे कोणी बघतंय का चित्रात?

मांजरीचं कारण सोपं आहे. डोळ्याचा पांढरा भाग ठळक दिसतो तो माणसाचा, मांजरीचा फारसा दिसत नाही. पण 'डोळा' म्हटलं की हात सवयीने बदामी आकार, मधे गोल, दोन्ही बाजूंना पांढरं असंच काढतो. तो पांढरा ठिपका पडला की प्राणी एकदम माणसात येतो आणि आपल्याकडे काहीतरी मागायला लागतो. मांजर बाकी कशी आहे? मिशा मऊ आहेत का? लोक मिशांवर फार मेहनत घेतात.

आणि हंसांचं चित्र उजेडात तिरकं धरून बघा ना एकदा, खिडकीपाशी. प्रतिबिंब नसलेल्या हंसाखालून पाण्याचे ब्रशचे फटकारे आडवे तसेच गेलेले दिसतायत का? तसं असेल तर तो हंस पाणी वाळल्यावर घातलाय. म्हणजे चित्र पूर्ण झालं होतं, एकच हंस होता, प्रतिबिंबासकट व्यवस्थित, आणि मग कधीतरी कोणाला तरी वाटलं की हा एकटा आहे. हे खरं निघालं तर तुमचं टिपण तयारच आहे की!

एक सावध करते, पळणारा घोडा मिळाला आणि त्याचे चारही पाय हवेत पुढेमागे ताणलेले असले तर त्याच्यावर विनोद करू नका. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये इंग्लंडमधल्या एप्समच्या शर्यतीचं चित्र काढलं, लूव्र संग्रहालयात आहे, त्यात सगळे घोडे तसेच पळतात. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून घोड्याचे फोटो काढले तेव्हा कुठे कळलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते ताणलेले असताना नाही तर पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्यांनी ते कळतच नाही, कोणाच्याच.

पॅलेट_नाइफ:

निवडीबद्दल थोडं. दोन प्रकारची चित्रं प्रदर्शनातून आधीच बाजूला काढा. एक म्हणजे आकड्यांवरून रंगवायची किटवाली. डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीत डॅन रॉबिन्सने ती कल्पना काढली, १९५० च्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघरी गेली, अजून विकतात. ओळखायला सोपी, रंगाचे तुकडे कडक कडांचे असतात, एकमेकांत मिसळत नाहीत आणि फिक्या रंगाखालून कधीकधी आकडा डोकावतो. त्यात रंगवणाऱ्याचा निर्णय जवळपास नसतोच, मग टीका कशावर करणार? (पण आकडे झुगारून कोणी घोडा हिरवा केला असेल तर ते चित्र पहिल्या भिंतीवर लावा!)

दुसरं म्हणजे तळं, मागे बर्फाचे डोंगर, कडेला सूचिपर्णी झाडं, एक झोपडी. बॉब रॉस या अमेरिकन चित्रकाराचा टीव्हीवरचा चित्रं शिकवायचा कार्यक्रम १९८३ ते १९९४ चालला, ४०३ भाग, ओल्या रंगावर ओला रंग घालून अर्ध्या तासात चित्र पूर्ण, त्यामुळे ते बघून काढलेली चित्रं सेकंडहॅंड दुकानांत सतत सापडतात. तो अभ्यास आहे, त्याला तसंच बघावं. अशातलं एखादं घ्यायचं तर जिथे माणसाने धडा सोडून स्वतःचं काहीतरी घातलंय ते घ्यावं, माझ्याकडे एक आहे त्यात झोपडीच्या दाराशी चपला काढून ठेवल्यात, इवल्याशा, आणि त्या दोन्ही डाव्या पायाच्या आहेत. मी ते चित्र कोणाला देणार नाही.

नावं देण्याबद्दल, जिम शॉ या अमेरिकन चित्रकाराने अशी सापडलेली चित्रं गोळा करून १९९० मध्ये त्यांचं पुस्तक काढलं, २००० मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत ती मांडली होती. त्याने दिलेली शीर्षकं म्हणजे चित्रात जे आहे त्याचं सरळ वर्णन, बास. तुमच्या चित्राचं नाव 'सहा जणांचं कुटुंब आणि कुत्रा' एवढंच ठेवा, 'हात वर करा' वगैरे कोटी नको. कोटी आधीच वाचली की माणूस चित्रात शोधायचं थांबतो.

मधेच_एक:

या जुन्या चित्रांवरच डायनासोर किंवा उडती तबकडी रंगवून टाकायची, लोक करतात तसं, मस्त दिसतं. ती करून लावा ना, टिपणाची गरजच नाही.

रेघोटी:

@मधेच_एक, ते वेगळं काम झालं. आस्गर योर्न या डॅनिश चित्रकाराने १९५९ मध्ये पॅरिसला तसंच प्रदर्शन केलं होतं, जुन्या बाजारातली चित्रं घेऊन त्यांच्यावर स्वतःचं रंगवलं, आणि त्याचं जुन्या चित्रांवर प्रेम होतं, त्याने तसं लिहिलंही आहे. पण इथे मूळ चित्र बघायचंय ना आपल्याला? डायनासोर आला की सगळे डायनासोर बघणार, आणि त्या दोन हंसांकडे कोण बघणार.

फ्रेमवाली:

काय काय मिळालं एका दिवसात, खूप खूप आभार सगळ्यांचे! रेघोटी ताई, चित्र खिडकीपाशी तिरकं धरून बघितलं. फटकारे हंसाखालून सरळ आरपार गेलेत!!! आणि दुसऱ्या हंसाचा पांढरा रंगही वेगळा आहे, जरा पिवळसर, म्हणजे दुसरी ट्यूब. कुत्र्याकडे खरंच कोणी बघत नाहीये. मांजरीच्या मिशा इतक्या सुंदर आहेत की मी आधी त्या बघितल्याच नव्हत्या, प्रत्येक मिशी मुळाशी जाड आणि टोकाला विरळ होत गेलेली. @सही_कोपऱ्यात, सह्यांवर फ्रेमच्या आतून पट्टी लावणार आहोत आणि मागची बाजू भिंतीकडेच राहील, ते नक्की.

हंसांचं टिपण असं लिहिलंय, सांगा कसं वाटतं:

"दोन हंस. बोर्डावर तैलरंग. डावीकडचा हंस आधी आला. त्याची मान, त्याचं पाणी, पाण्यातलं त्याचं उलटं रूप, सगळं जागच्या जागी आहे. उजवीकडचा नंतर आला, तोवर तळं वाळलं होतं. त्यामुळे त्याला प्रतिबिंब मिळालेलं नाही, पण डावीकडच्याने आपली मान त्याच्या दिशेला वळवलेली आहे आणि तो येण्याच्या आधीपासून ती तशीच होती."

होडीचं मात्र जमत नाहीये. 'वारा दोन्हीकडून वाहतोय' याच्या पुढे जाताच येत नाही आणि ते तर कोणालाही दिसेल.

तैलरंग:

हंसांचं अप्रतिम झालंय. एक शब्द हलवू नका.

सही_कोपऱ्यात:

हे आवडलं मला. मनापासून. असं लिहिणार असाल तर माझा विरोध नाही, आणि प्रदर्शनाचे फोटो टाका.

शीड_सोडा:

मी चित्रकलेतला नाही, शिडाच्या होड्या चालवतो, पण झेंड्याचं वाचून राहवलं नाही. डोलकाठीवरच्या झेंड्याला आणि शिडाला लागणारा वारा एकच असतो, त्यामुळे शीड उजवीकडे फुगलं तर झेंडाही उजवीकडेच उडणार. वारा पाठीमागून असेल तर झेंडा होडीच्या पुढच्या दिशेला उडतो. पहिल्यांदा होडीत बसणाऱ्यांना हे बघून नेहमी नवल वाटतं, कारण आपली सवय बसच्या खिडकीची, गाडी पुढे निघाली की बाहेर काढलेला रुमाल मागे उडतो.

तुमच्या चित्रकाराने नेमकं तेच केलंय असं मला वाटतं. त्याने शीड एखादी होडी किंवा फोटो बघून काढलं, ते बरोबर आहे. झेंडा मनाने काढला, आणि मनाने विचार केला की होडी जोरात निघालीय तर झेंडा मागे जाणार. म्हणजे त्याच्या डोक्यात ही होडी वाऱ्याने चाललेलीच नाही, ती आपली आपण चाललीय, वाऱ्याहूनही जोरात! झेंडा किती ताठ आहे? आणि होडीच्या मागे पाण्यात फेस काढलाय का बघा, तोही भरपूर असणार.

फ्रेमवाली:

फेस आहे!! भरपूर आहे, जाड थर देऊन, चाकूने लावल्यासारखा, मला वाटलं होतं लाटा आहेत. झेंडा एकदम ताठ, एकही सुरकुती नाही. थांबा, आत्ताच लिहायला बसते.